चारशे ऐंशी ठिपके

जुलेखा शिकलगार पोटमाळ्यावर गेली होती जुनं शिसवी लाकूड शोधायला. तिथे तिला पाच तंबोरे सापडले. पाचही तिच्याच हातचे. प्रत्येकाच्या घोडीखाली तिने पेन्सिलीने घातलेली तारीख होती आणि प्रत्येकाच्या गळ्यात दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी. अक्षर तिच्या नवऱ्याचं, दस्तगीरचं. ‘परत. आवाज फुटतो.’ ‘परत. जवारी बंद.’ ‘परत. पंचम बोलत नाही.’

त्यातला एक घेऊन ती खाली आली. दस्तगीर खिडकीपाशी बसून भोपळ्याची आतली बाजू खरवडत होता.

“कधीपासून?” तिने विचारलं.

दस्तगीरने पटाशी खाली ठेवली. तो तिच्याकडे तोंड करून, एकेक शब्द सुटा करत बोलू लागला. त्या घरात हल्ली सगळे तिच्याशी असेच बोलत. “दिवाळीपासून.”

“आणि गिऱ्हाइकांना काय दिलंत?”

“माझ्या धाकट्या भावाकडून दुसऱ्या तंबोऱ्यांची जवारी करून घेतली. तुला सांगणार होतो.”

“कधी?”

दस्तगीरने पटाशी पुन्हा उचलली. जुलेखाने तंबोरा भिंतीला टेकवला आणि ती मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारत राहिली.

मिरजेत तंबोरे करणारी घरं आजही आहेत, पण जवारी लावणारे हात थोडे. तंबोऱ्याच्या तारा ज्या घोडीवर टेकतात, तिचा माथा कानशीने इतका बारीक घासायचा, की तार तिथे नुसती टेकणार नाही, निसटता स्पर्श करत राहील. मग तारेखाली सुताचा धागा सरकवायचा. जागा बरोबर साधली की एका तारेतून दहा सूर उमलतात. केसभर चुकली की तार मुकी होते, नाहीतर फाटते. हे मोजायला कुठलंही माप नाही, फक्त कान. जुलेखाच्या वडिलांनी हे काम मुलाला न देता मुलीला दिलं, ते तिच्या कानामुळेच.

तो कान चाळिसाव्या वर्षी गेला. मेंदूज्वराने दोन्ही कान एका आठवड्यात नेले. सहा वर्षं ती नुसती खुंट्या तासत बसली. मग शेहेचाळिसाव्या वर्षी तिच्या डाव्या कानात ‘स्वनिका’ नावाच्या कंपनीचा श्रुतिपट बसवला. उजव्या कानात हाड भरून आलं होतं, तिथे काही करता येणार नव्हतं.

आपल्या आतल्या कानात गोगलगाईच्या शंखासारखी एक वेटोळी नळी असते. तिच्या तोंडाशी उंच सुरांचे मज्जातंतू आणि आत, टोकाकडे, खालच्या सुरांचे. एखादी पेटीच गुंडाळून ठेवावी, तशी. जुन्या काळचं कानातलं यंत्र या नळीत वीस-बावीस ठिकाणी विजेचा हलका झटका द्यायचं. पण वीज पसरते. एका सुराला हात लावला की शेजारचे पाच जागे होतात. त्यामुळे बोलणं समजायचं, गाणं नाही. श्रुतिपटाने विजेऐवजी प्रकाश वापरला. मज्जातंतूंच्या पेशींना एका उपचाराने प्रकाश ओळखायला शिकवायचं आणि मग कांद्याच्या पापुद्र्याइतका पातळ पट नळीत सरकवायचा. त्यावर प्रकाशाचे चारशे ऐंशी ठिपके. प्रकाश शेजारी सांडत नाही. एक ठिपका, एक सूर.

अडचण एकच होती. जिवंत पेशी आज आहेत तशा उद्या नसतात. त्यांची प्रकाशाची जाण हळूहळू सरकते. म्हणून कोणता ठिपका कोणत्या सुरासाठी आणि किती उजेडाने पेटवायचा, याचा नकाशा दर दहा दिवसांनी नव्याने काढावा लागे. कंपनीचे संगणक ते दुरूनच करत आणि जुलेखाला त्याचा पत्ताही लागत नसे. आठ वर्षं तिने त्या नकाशावर जवारी लावली.

दिवाळीच्या आधी, २०४५ साली, स्वनिका बंद पडली. ‘वाग्मी’ नावाच्या दुसऱ्या कंपनीने तिचं काम घेतलं. नकाशे थांबले. सूर रोज केसाएवढे सरकत गेले आणि रोज केसाएवढं सरकलेलं माणसाला कळत नाही. माणसांचे आवाज ओल्या कापडाआडून येऊ लागले ते तिला जाणवलं होतं. पण हात अजून बरोबर चालताहेत, असं तिला वाटत होतं. पोटमाळ्यावरच्या चिठ्ठ्या वाचेपर्यंत.

वाग्मीचं पत्र फेब्रुवारीतच आलं होतं. एकतीस मार्चपर्यंत श्रुतिपट मोफत ‘वाणी’ पद्धतीत बदलून मिळेल. चारशे ऐंशी ठिपक्यांचे सोळा गट करायचे. मग नकाशाची गरजच उरत नाही, बोलणं आयुष्यभर स्वच्छ ऐकू येतं.

मार्चच्या दुसऱ्या रविवारी जुलेखाची मुलगी रेहाना कोल्हापूरहून आली. ती तिथे परिचारिका होती. तिने पट बदलून घ्यायची एकतीस तारखेची, सकाळी अकराची वेळ ठरवूनच टाकली होती.

“आणि तंबोरा?” जुलेखाने विचारलं.

रेहानाने मान हलवली. “तंबोरा नाही, अम्मी. सोळा गटांत गाणं बसत नाही.”

“नंतर परत पहिल्यासारखं करता येईल?”

“नाही. पटावर ते कायमचं कोरतात.”

“मग मला नको.”

रेहानाचा चेहरा ताठ झाला. ती उठून आईच्या अगदी समोर बसली, ओठ नीट दिसावेत म्हणून. “चार महिने झाले, तुझ्याशी फोनवर बोलले नाही मी. समोर आले तरी एकेक वाक्य तीनदा सांगते. मला सातवा महिना आहे, अम्मी. मला रात्री भीती वाटते, ते मी कुणाला सांगू? मला आई हवीय. कारागीर नकोय.”

जुलेखाने तिचा हात धरून ठेवला. मुलीचा एकही शब्द खोटा नव्हता.

दुसऱ्या दिवशी शकुंतला ढोबळे दुकानात आल्या. सांगलीच्या एका सरकारी कचेरीत पस्तीस वर्षं संगणक सांभाळून निवृत्त झालेल्या, वय त्र्याहत्तर, गाणं शिकायला सुरुवात साठीनंतर. ‘आवाज फुटतो’ म्हणून परत आलेला तंबोरा त्यांचाच होता; बदली न घेता त्या त्याचीच वाट बघत होत्या. दस्तगीरने त्यांना चहा दिला आणि सगळं खरं सांगून टाकलं. ढोबळेबाईंनी चष्मा चढवून वाग्मीचं पत्र वाचलं, उलटून मागची बारीक अक्षरंही वाचली. मग त्या मोठ्याने हसल्या. हसू जुलेखाला ऐकू आलं नाही, पण खांदे हललेले दिसले.

त्यांनी जुन्या कॅलेंडरचं पान मागून घेतलं आणि पाठीमागे लिहिलं, ‘मागे बारीक अक्षरांत लिहिलंय, नकाशा काढणारा प्रोग्राम खुला आहे. संशोधकांनी तो लोकांसाठी ठेवलाय, कायद्याने ठेवावा लागलाय. नाव कर्णिका. आपण स्वतः चालवायचा.’

“आपण?” जुलेखा म्हणाली.

‘तुम्ही,’ बाईंनी लिहिलं. ‘दर दहा दिवसांनी लागणार. मी किती वर्षं येणार?’

घरातला संगणक त्या काळच्या सगळ्या संगणकांसारखाच होता. कीबोर्ड नाही, बोलायचं आणि तो करणार. दस्तगीरने त्याला कर्णिका चालवायला सांगितलं. तो नम्रपणे म्हणाला, “हा प्रोग्राम माझ्या ओळखीचा नाही. तुम्हाला कर्णफुलांचे नवे नमुने दाखवू का?”

ढोबळेबाई दुसऱ्या सकाळी आपल्या कपाटातला जुना लॅपटॉप घेऊन आल्या. झाकण उघडलं, त्यावरचं जुनं सगळं काढून त्यांनी नवी यंत्रणा घातली आणि एक काळी खिडकी उघडून दिली. खिडकीत काहीच नव्हतं. डाव्या कोपऱ्यात एक छोटी पांढरी रेघ लुकलुकत होती.

“आता?” जुलेखाने विचारलं.

‘ती वाट बघतेय,’ बाईंनी लिहिलं. ‘तुम्ही सांगाल तेच करील. तुमच्या मनात काय आहे ते ओळखायला जाणार नाही. चुकलात तर चुकीचं करील. म्हणून आधी वाचायचं, मग एंटर.’

जुलेखाला हे वागणं एकदम पटलं. कानसही तशीच असते.

पहिले तीन दिवस नुसत्या चुका सुधारण्यात गेले. तिला इंग्रजी अक्षरं येत होती, शब्द थोडे. प्रोग्राम उतरवून घेतला, पण ज्या फोल्डरमध्ये ठेवला त्याच्या नावात तिने मधे रिकामी जागा सोडली होती. संगणकाला ती दोन वेगळी नावं वाटली. नाव जोडून लिहिल्यावर ते मिटलं. मग तिने ‘कर्णिका’ टाइप केलं आणि उत्तर आलं, कमांड सापडत नाही.

“समोर तर आहे!” ती चिडली. “त्याच फोल्डरमध्ये आहे!”

बाईंनी कागदावर चार खोल्यांचं घर काढलं. ‘नावाने हाक मारलीत की संगणक ठरलेल्या खोल्यांतच शोधतो. त्या खोल्यांची एक यादी असते, तिला पाथ म्हणतात. आपली कर्णिका पाचव्या खोलीत बसलीय. यादीत ती खोली घाला.’

त्या एका ओळीसाठी जुलेखाला अर्धा तास लागला. तिरपी रेघ कुठली, उभी कुठली, दोन ठिपके कुठे. मग खिडकी बंद करून पुन्हा उघडायची, म्हणजे नवी यादी लागू होते. तिने पुन्हा ‘कर्णिका’ टाइप केलं. या वेळी संगणकाने वेगळी तक्रार केली. कर्णिकेला आकडेमोडीसाठी आणखी दोन जुने प्रोग्राम मदतीला हवे होते. ते आणले, त्यांतला एक फार नवा निघाला. तो काढून मागची आवृत्ती बसवली. प्रत्येक पायरी जुलेखा तिच्या वहीत लिहून ठेवत होती, मराठीत, घोड्यांची मापं जिथे लिहायची त्याच वहीत.

अठरा मार्चला, दुपारी जेवणाआधी, काळ्या खिडकीत ओळींचा धबधबा पडला आणि शेवटी शब्द उमटला, तयार.

“झालं?” दस्तगीर दारातून म्हणाला.

“बसवून झालं,” जुलेखा म्हणाली. “आता कान.”

कर्णिकेचं काम असं होतं. पटाला आवाज पोचवणारी चकती कानामागे चिकटलेली असते, तिला लॅपटॉपची तार जोडायची. मग ती एकेक ठिपका क्षणभर पेटवणार, मज्जातंतूचा परत येणारा बारीकसा प्रतिसाद मोजणार आणि चारशे ऐंशी प्रतिसादांवरून नकाशा काढणार. उजेड एका मर्यादेपलीकडे गेला तर पेशींना इजा होईल, असं सूचनांत लिहिलं होतं. ती मर्यादा बाईंनी निम्म्यावर आणली. दस्तगीर शेजारी स्टूल घेऊन बसला.

“तुझ्या चेहऱ्यावर आठी आली की चकती ओढून काढतो,” तो म्हणाला. “मला विचारू नकोस.”

वीस मिनिटांत नकाशा तयार झाला. जुलेखाने तो चकतीत भरला आणि तंबोऱ्याची तार छेडली.

तिने दचकून हात काढला. खर्जाची जाड तार चिमणीसारखी चिवचिवली. षड्जाच्या जोडीतून, ज्या तारा वर लागायच्या, तिथून पाट्यावर वरवंटा फिरल्यासारखी घरघर आली. दस्तगीर काहीतरी म्हणाला, ते भांडी पडल्यासारखं ऐकू आलं. त्याने चकती ओढून काढली.

पुढच्या तीन दिवसांत पाच वेळा नकाशा काढला. दर वेळी तेच. ढोबळेबाईंनी हात टेकले. ‘प्रोग्राम जुना आहे, कुठेतरी बिघडलाय,’ त्यांनी लिहिलं. ‘मला हे कानाचं शास्त्र येत नाही हो.’ त्यांना भाचीच्या लग्नासाठी बेळगावला जायचं होतं. जाताना त्यांनी जुलेखाच्या पाठीवर हात ठेवला. रेहानाचा संदेश आला, ‘एकतीसला मी स्वतः न्यायला येते.’

तेवीस तारखेला सकाळी जुलेखा तो वाईट नकाशा लावून मुद्दाम तंबोऱ्यासमोर बसली. तिने चारही तारा छेडल्या, थांबून थांबून. मग खुंटी पिळून एक तार थोडी वर नेली. तिच्या कानात सूर खाली गेला. आणखी वर नेली, तो आणखी खाली गेला. तितकाच.

तिने खुंटीवरचा हात काढला. प्रोग्राम बिघडलेला असता तर सूर कसेही पळाले असते. हे पळत नव्हते. एकमेकांतली अंतरं राखून, शिस्तीत, उलट्या दिशेने चालले होते.

“अहो,” तिने हाक मारली. “त्या डावखुऱ्या पोराची सतार केली होतीत, तेव्हा काय बदललंत?”

“तारांचा क्रम,” दस्तगीर ओठ सावकाश हलवत म्हणाला. “बाकी सतार तीच. फक्त सगळं उलट्या बाजूने.”

जुलेखाने ट्रंकेतून दवाखान्याचं कार्ड काढलं. श्रुतिपटाच्या क्रमांकाशेजारी मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं, लेफ्ट. मग तिने काळ्या खिडकीत कर्णिकेचं नाव टाइप केलं आणि पुढे ‘हेल्प’. पडदाभर इंग्रजी सूचना आल्या. कार्डावरचा तो एक शब्द बोटाखाली धरून ती ओळीमागून ओळ खाली उतरत गेली. सव्विसाव्या ओळीत तो सापडला. कोणती बाजू, राइट की लेफ्ट. न सांगितल्यास, राइट.

डाव्या कानात पट उलटा सरकवतात, त्यामुळे ठिपक्यांचे क्रमांक उलटे लागतात. कंपनीच्या संगणकांना ते माहीत होतं. कर्णिकेला कुणी सांगितलंच नव्हतं आणि न सांगितलेलं ती ओळखणार नव्हती.

जुलेखाने कमांड लिहिली. शेवटी दोन आडव्या रेघा, बाजू, लेफ्ट. एंटर दाबण्याआधी तिने ती तीनदा वाचली.

वीस मिनिटांनी तिने नवा नकाशा चकतीत भरला. दस्तगीरने चकतीवर बोट ठेवलं. “लागलं का?” त्याने विचारलं.

जुलेखाने डोळे मिटून घेतले. चार महिन्यांनी तो आवाज आला होता, तंबाखूने थोडा घोगरा झालेला, शेवटचं अक्षर खाली सोडणारा. तिने हात लांबवून तार छेडली. खर्ज खाली होता, जोड वर होती.

“पंचम उतरलाय,” ती म्हणाली. दस्तगीरने हात पुढे केला, पण तिने आधीच पंचमाची खुंटी पिळायला घेतली होती.

ती तिथे थांबली नाही. कंपनीचे संगणक दर दहा ठिपक्यांमागे एक तपासत आणि मधले अंदाजाने भरत. कर्णिकेत प्रत्येक ठिपका हाताने सरकवायची सोय होती, एकेका कमांडने. जुलेखा जवारी लावते तशी बसली. तार छेडायची, ऐकायचं, ठिपका किंचित सरकवायचा, पुन्हा छेडायचं. चारशे ऐंशी ठिपक्यांना चार दिवस लागले. शेवटी तिला षड्जाच्या तारेतून आपोआप उमटणारा गंधार ऐकू आला आणि त्याच्याही वर काहीतरी रेशमाच्या धाग्यासारखं, जे स्वनिकेच्या आठ वर्षांत तिने कधीच ऐकलं नव्हतं. मेंदूज्वराच्या आधी ऐकलेलं होतं, वडिलांच्या शेजारी बसून.

मग तिने पोटमाळ्यावरचे पाचही तंबोरे खाली आणवले आणि एकेक वाजवून पाहिला.

“या अल्ला,” ती म्हणाली. “हे मी केलं?” आणि दोघं नवरा-बायको पोट धरून हसले.

तीस तारखेला ढोबळेबाई बेळगावहून थेट दुकानात आल्या. जुलेखाने त्यांच्या तंबोऱ्याची घोडी नव्याने घासली होती. बाईंनी तो मांडीवर घेतला, चार तारा छेडल्या, पुन्हा छेडल्या आणि गायला तोंड उघडून तसंच मिटलं.

“गा की,” जुलेखा म्हणाली.

“थांबा हो. ऐकू द्या.”

एकतीस तारखेला सकाळी साडेआठ वाजता जुलेखाने स्वतः रेहानाला फोन लावला.

“अम्मी?” रेहाना जवळजवळ ओरडलीच. “तू फोन केलास? अब्बा कुठे आहेत? मी निघालेय—”

“निघू नकोस. आणि हळू बोल, ओरडू नकोस. जिन्यात उभी आहेस ना? आवाज घुमतोय.”

 पलीकडून एक श्वास आला, अडखळत. जुलेखाला तोही ऐकू आला.

“रडतेस का?”

“नाही.”

“रडतेस. बस तिथे पायरीवर. मी ऐकतेय. रात्री कशाची भीती वाटते, ते सांग आधी.”

रेहाना सांगत राहिली. अकराची वेळ टळून गेली तरी दोघी बोलतच होत्या.

जुलेखाने आपल्या वहीतल्या पायऱ्या ढोबळेबाईंकडून तपासून घेतल्या आणि आपल्या नकाशासोबत मराठीतच सगळ्यांसाठी इंटरनेटवर खुल्या ठेवल्या. डाव्या कानाची सूचना पहिल्याच पानावर, लाल अक्षरांत. अजून पट न बदललेले लोक राज्यभर विखुरलेले होते. एप्रिलमध्ये नऊ जणांनी कर्णिका चालवली, मेमध्ये चाळीस. लातूरच्या एका निवृत्त तलाठ्याने कळवलं, की त्याला गोठ्यातल्या दोन म्हशींचे आवाज पुन्हा वेगळे ओळखता येतात.

जुलैत वाग्मीची एक अभियंता दुकानात आली. ऋजुता खानापुरे, तिशीची, पायातल्या सँडल दाराबाहेर काढून आत आलेली. रेहानाचा दीड महिन्याचा मुलगा तेव्हा जुलेखाच्या मांडीवर झोपला होता.

“आम्ही चारशे ऐंशी ठिपके पुन्हा सुरू करतोय,” ऋजुता म्हणाली. “नव्या रुग्णांसाठी. तुमचा नकाशा स्वनिकेच्या जुन्या नकाशांपेक्षा खूप चांगला आहे. तो कसा लावता, ते आम्हाला हवंय.”

“सगळं लिहून ठेवलंय. कमांडही दिल्यात.”

ऋजुता थोडी अवघडली. “वाचलं मी. पण आमचं सगळं काम बोलून होतं. आमचा संगणक ते चालवायला तयार नाही आणि असं हाताने टाइप करून… आमच्या विभागात कुणालाच येत नाही, मावशी. तुम्ही शिकवाल का? कंपनी तुम्हाला रीतसर प्रशिक्षक म्हणून नेमेल.”

जुलेखाने बाळ दस्तगीरच्या हातात दिलं आणि लॅपटॉपचं झाकण उघडलं. ऋजुताने पिशवीतून नेमणुकीचा कागद काढला. नाव लिहिलं, गाव लिहिलं, आणि पेन थांबलं.

“शिक्षण आणि हुद्दा काय लिहू?”

“शिक्षण सातवी,” जुलेखा म्हणाली. “हुद्द्याच्या जागी लिहा, जवारी लावते.”

ऋजुताने तसंच लिहिलं आणि स्टूल कीबोर्डजवळ ओढून घेतलं.